जुन्या संगणकाला नवे सोबती

चिखलीहून खामगावकडे निघालो की वाटेत अमडापूर लागते. आपल्या ह्या भागात एके काळी लाकडी चाकांच्या बैलगाड्या होत्या. चाकावर लोखंडी धाव, आणि गाडी निघाली की खडखडाट अर्ध्या गावाला ऐकू जायचा. पुढे रबरी टायर आले. तेव्हा शेतकऱ्याने काय केले? गाडी मोडून टाकली का? नाही. साटा तोच ठेवला, जू तेच ठेवले, बैल तर तेच होते. चाके तेवढी बदलली. पण एक अडचण आली. टायरचे चाक जुन्या आसावर बसेना. त्यासाठी बेअरिंगचा नवा आस लागला, आणि तो आपल्याच गाडीच्या साट्याला नेमका बसेल असा लोहाराकडून करून घ्यावा लागला. गाडी जुनी, चाक नवे, आणि दोघांची गाठ घालून देणारा आस मुद्दाम घडवलेला.

आज मला आपल्याशी बोलायचे आहे ते अशाच एका आसाविषयी. फक्त गाडीच्या जागी आहे जुना संगणक, आणि टायरच्या जागी आहेत आजची साधने: नखाएवढे स्मृती-कार्ड, नवा कळफलक, नवा पडदा.

एक प्रसंग डोळ्यांसमोर आणू या. प्रसंग कल्पनेतला आहे, पण त्यातले यंत्र खरे आहे. अमडापुरात एक निवृत्त गुरुजी आहेत असे समजा. नोकरीच्या निमित्ताने ते काही वर्षे पुण्याला होते. तेथे त्यांनी १९८७ साली पदरमोड करून एक छोटा संगणक घेतला. त्यावर वर्गातल्या मुलांसाठी पाढ्यांचे, बेरजा-वजाबाक्यांचे खेळ स्वतः लिहिले आणि कॅसेटवर साठवून ठेवले. पुढे यंत्र माळ्यावर गेले. यंदा दिवाळीची साफसफाई निघाली. भंगारवाला दारात ताजवा घेऊन उभा आहे. सूनबाई म्हणतात, "मामंजी, देऊन टाकू का हे?" तेवढ्यात नववीत शिकणारी नात विचारते, "आबा, ह्याला पेनड्राइव्ह लागेल का हो?"

आबा हसतात. म्हणतात, "अगं, हे जन्मले तेव्हा पेनड्राइव्ह जन्मलाच नव्हता."

"मग लावता येणारच नाही का?"

नातीचा हा प्रश्न मोठा नामी आहे. त्याचे उत्तर, "तसाच लावता येणार नाही, पण लावता येईल असे करता येते," हे आहे. कसे, ते आता क्रमाने पाहू.

आधी यंत्राची ओळख करून घेऊ. इंग्लंडमध्ये क्लाइव्ह सिंक्लेअर यांच्या कंपनीने १९८२ साली 'झेडएक्स स्पेक्ट्रम' नावाचा लहानसा, स्वस्त घरगुती संगणक बाजारात आणला. १९८४ मध्ये त्याचा सुधारलेला 'स्पेक्ट्रम प्लस' निघाला. हाच संगणक १९८६ च्या सुमारास पुण्याच्या डेसिबेल्स इलेक्ट्रॉनिक्स ह्या कंपनीने परवाना घेऊन 'डीबी स्पेक्ट्रम प्लस' ह्या नावाने आपल्या देशात विकायला काढला. त्याच सुमारास, १९८४-८५ पासून, केंद्र सरकारच्या 'क्लास' नावाच्या योजनेत निवडक शाळांना 'बीबीसी मायक्रो' नावाचे संगणक मिळाले. आपल्याकडच्या एका पिढीने संगणकाचे पहिले धडे गिरवले ते अशा यंत्रांवर.

स्पेक्ट्रमचा मेंदू म्हणजे झेड-८० नावाची चिप. ती सेकंदाला ३५ लाख ठोके मोजते. स्मृती म्हणाल तर ४८ किलोबाइट. आजच्या मोबाइलवर काढलेला एक फोटोसुद्धा तेवढ्यात मावायचा नाही. त्याला स्वतःचा पडदा नव्हता. घरचा टीव्ही हाच पडदा. साठवणीला तबकडी नव्हती. घरचा टेपरेकॉर्डर हीच तिजोरी. कार्यक्रम लिहून झाला की तो किर्र किर्र अशा आवाजाच्या रूपाने कॅसेटवर उतरायचा, आणि पुन्हा हवा असला की तोच आवाज यंत्राला ऐकवायचा. शून्यासाठी आखूड लहर, एकासाठी तिच्या दुप्पट लांब लहर, एवढेच ते गणित. सारी ४८ किलोबाइट भरायला सुमारे पाच मिनिटे लागत. चौथ्या मिनिटाला कॅसेट जरा अडखळली की पुन्हा पहिल्यापासून सुरुवात!

आता गंमत पाहा. अशी जुनी यंत्रे आज बंद पडलेली दिसतात, तेव्हा पुष्कळदा त्यांचा मेंदू शाबूत असतो. गेलेले असतात ते त्याचे सोबती. कॅसेटची पट्टी चिकटलेली असते, टेपरेकॉर्डरचे रबरी पट्टे सैल पडलेले असतात, कळफलकाच्या आतली पातळ पापुद्र्याची पट्टी वाळून तडकलेली असते, आणि जुना टीव्ही तर घरातून केव्हाच गेलेला असतो. म्हातारा धडधाकट आहे, पण त्याचे बोलणे ऐकणारे आणि त्याला सांगणारे कोणी उरले नाही, अशी ही स्थिती. म्हणून भंगारात जाण्यापूर्वी त्याला नवे सोबती मिळवून देता येतात का, हे पाहायचे.

पेनड्राइव्ह किंवा कार्ड थेट का लावता येत नाही? खाच बसत नाही हे तर कोणालाही दिसते. पण खाच बसवली तरी तीन अडचणी उरतात. पहिली, विजेची. स्पेक्ट्रमच्या आतले व्यवहार ५ व्होल्टवर चालतात, तर स्मृती-कार्डाचे ३.३ व्होल्टवर. ५ व्होल्ट सरळ दिले तर कार्ड जळण्याची भीती. दुसरी, चालीची. स्पेक्ट्रम एका वेळी आठ तारांवरून आठ अंक एकदम पाठवतो. कार्ड मात्र एका तारेवरून एकेक अंक घेते. तिसरी अडचण सर्वांत मोठी, भाषेची. १९८२ सालच्या यंत्राला 'फाइल' म्हणजे काय, 'कार्ड' म्हणजे काय, हे मुळी ठाऊकच नाही. त्याला ठाऊक आहे ती फक्त कॅसेट.

तेव्हा मधे एक दुभाष्या पाहिजे. वऱ्हाडातल्या शेतकऱ्याला मद्रासी व्यापाऱ्याशी सौदा करायचा असेल तर दोन्ही भाषा जाणणारा कोणी मधे बसावा लागतो, तसा. हा दुभाष्या म्हणजेच मुद्दाम घडवलेली जोड-पाटी: तळहाताएवढी, चार-दोन चिपा बसवलेली सर्किटची पाटी.

ती लावायची कोठे? स्पेक्ट्रमच्या मागच्या बाजूला सर्किटच्या पाटीची कडा उघडी ठेवलेली आहे. तिच्यावर तांब्याच्या पट्ट्या ओळीने मांडलेल्या दिसतात. यंत्राच्या मेंदूच्या बहुतेक सगळ्या तारा तेथवर आणून सोडल्या आहेत. करणाऱ्यांनी हे दार मुद्दाम उघडे ठेवले, आणि आज चाळीस वर्षांनी आपण त्याच दारातून आत जाणार आहोत.

ह्या तारांचे तीन गट आहेत. टपालाचा दाखला घेऊ. पहिला गट पत्त्याचा. त्यात १६ तारा. त्यांवरून मेंदू सांगतो, मला अमुक क्रमांकाच्या घराशी काम आहे. दुसरा गट मजकुराचा. त्यात ८ तारा. पत्रातला मजकूर ह्यांवरून जातो-येतो. तिसरा गट इशाऱ्यांचा: आता वाचतो आहे, आता लिहितो आहे, जरा थांबा, असे निरोप ह्या तारांवरून जातात. पोस्टमनने दाराशी 'टपाल!' म्हणून हाक द्यावी तसे.

१६ तारांवर जितके पत्ते मांडता येतात ते सगळे मोजले तर ६५,५३६ होतात. त्यांपैकी पहिली १६,३८४ घरे कायमच्या स्मृतीची आहेत; यंत्राला जन्मतः येणारे सारे ज्ञान तेथे कोरलेले आहे. उरलेली ४९,१५२ घरे आपल्या वापराच्या स्मृतीची. बेरीज करून पाहा, बरोबर ६५,५३६ भरते. म्हणजे ह्या गावात एकही घर रिकामे नाही! मग कार्ड वाचण्याची नवी विद्या जाणणाऱ्या पाहुण्याला उतरवायचे कोठे?

ह्यावरचा तोडगा मोठा चतुराईचा आहे. त्या उघड्या कडेवर अशी एक तार आहे की तिच्यावरून बाहेरचे साधन कायमच्या स्मृतीला, 'तू क्षणभर गप्प बस, आता मी बोलतो,' असे सांगू शकते. जोड-पाटी सतत पत्त्याच्या तारांवर कान लावून बसलेली असते. मेंदूला कॅसेटवरून काही वाचायचे झाले की तो कायमच्या स्मृतीतल्या ठरलेल्या जागी जातो. त्या वाटेवरचा १३७८ क्रमांकाचा पत्ता तारांवर दिसला, की पाटी ओळखते, कॅसेट वाचण्याची वेळ आली. ती लगेच कायमच्या स्मृतीला गप्प करते आणि तेथे स्वतःची स्मृती पुढे करते. तीत कार्ड वाचण्याच्या सूचना लिहिलेल्या असतात. मेंदू त्या सूचना पाळतो, कार्डावरचा मजकूर वाचून होतो, आणि मग पाटी बाजूला होऊन मूळ स्मृतीला पुन्हा बोलू देते. यंत्राला वाटते, आपण नेहमीप्रमाणे कॅसेटच वाचली. फक्त पाच मिनिटांचे काम एक-दोन सेकंदांत झाले, एवढाच फरक!

ह्यात यंत्राचा एकही मूळ भाग बदललेला नाही, हे ध्यानात घ्या. नव्या माणसाने जुन्याची भाषा शिकून घेतली. जुन्याला आपली सवय मोडावी लागली नाही. माझ्या मते ह्या साऱ्या विद्येचे मर्म ह्यात आहे.

बाकीच्या दोन अडचणी त्या मानाने सोप्या. विजेसाठी ५ व्होल्टचा इशारा ३.३ व्होल्टवर उतरवणारी एक छोटी चिप पाटीवर बसवतात. शेतातल्या पाटाला पाणी सोडताना दांड वाहून जाऊ नये म्हणून आपण बारे लहान ठेवतो, तसा हा प्रकार. चालीसाठी, आठ अंक एकदम उतरवून घ्यायचे आणि कार्डाला एकेक करून द्यायचे. आठ मुले एका रांगेत शेजारी शेजारी उभी आहेत आणि वर्गाचे दार अरुंद आहे. गुरुजी त्यांना एकामागे एक उभे करून आत सोडतात. कार्डाशी बोलायला मुख्य तारा चारच पुरतात: एक ठोका देणारी, एक कार्डाकडे जाणारी, एक कार्डाकडून येणारी, आणि एक 'तुझ्याशीच बोलतो आहे' असे सांगणारी. कार्ड मजकूर देते तो ५१२ बाइटांच्या गठ्ठ्यांनी. २ गिगाबाइटचे कार्ड आज अगदी लहान समजतात, पण स्पेक्ट्रमची संपूर्ण स्मृती त्यावर सुमारे ४० हजार वेळा मावेल. गुरुजींच्या आयुष्यभराच्या कॅसेटा एका नखावर!

अशी पाटी करणारे कोणी मोठे कारखानदार नव्हते. झेक प्रजासत्ताकात २००२ च्या सुमारास एका छांदिष्टाने हार्ड डिस्कसाठी 'डिव्हआयडीई' नावाची पाटी तयार केली आणि तिचा आराखडा सर्वांना खुला करून दिला. त्याच वाटेने पुढे एसडी कार्डासाठी 'डिव्हएमएमसी' निघाली. आराखडा खुला असल्यामुळे डाख देता येणारा आणि धीर असणारा कोणीही ती बनवू शकतो. शिवाय बनवलेल्या पाट्याही मिळतात.

आता कळफलकाकडे वळू. स्पेक्ट्रमच्या कळा आतून पाहिल्या तर तारांच्या आठ ओळी आणि पाच स्तंभ आहेत. आठ पंचे चाळीस. कळ दाबली की एक ओळ एका स्तंभाला चिकटते, बस्स. स्पेक्ट्रम प्लसवर कळा जास्त दिसतात, पण त्या ह्याच चाळिसांच्या जोड्या आहेत. तेव्हा नवा कळफलक जोडायचा तर एका लहान मायक्रोकंट्रोलरने नव्या कळफलकाचे बोलणे ऐकायचे, आणि एका स्विच-चिपकडून तीच ओळ त्याच स्तंभाला चिकटवून घ्यायची. यंत्राला वाटते, जुनीच कळ कोणीतरी दाबली. अर्थात फक्त आतली पापुद्र्याची पट्टी तडकली असेल तर नवी पट्टी बसवणे हा सरळ उपाय. दुखणे लहान असेल तर औषधही लहानच घ्यावे.

राहता राहिला पडदा. हे यंत्र आपले चित्र यूएचएफ लहरींवर चढवून टीव्हीच्या अँटेनाच्या भोकात पाठवीत असे. आजचे पुष्कळ टीव्ही हे चित्र नीट पकडत नाहीत. पण लहरींवर चढण्याआधी ते चित्र यंत्राच्या आत साध्या व्हिडिओ-इशाऱ्याच्या रूपात असतेच. तो तेथूनच बाहेर घेतला तर टीव्हीच्या पिवळ्या पिनेत लावता येतो. आणि टीव्हीला पिवळी पिन नसेल तर एचडीएमआयमध्ये रूपांतर करणारी लहान डबी मधे घालावी लागते. येथेही तेच तत्त्व. मधे दुभाष्या.

कोणी म्हणेल, ही सारी हौसेची कामे. आपल्याला काय त्याचे? तर असे नाही. कारखान्यांतले काही जुने संगणकीय लेथ, भरतकामाची काही यंत्रे अजून फ्लॉपीवरच चालतात. यंत्र लाखमोलाचे, कामाला चोख. पण फ्लॉपी मिळेनाशी झाली. तेथे फ्लॉपीच्या खणात एक सोंगाडी खण बसवतात. बाहेरून त्याला पेनड्राइव्ह लागतो, आतून तो ३४ तारांच्या जुन्याच जोडणीवर, 'मी फ्लॉपीच आहे,' असे सांगतो. एका पेनड्राइव्हवर शेकडो फ्लॉप्यांचा मजकूर ठेवून बटणाने हवा तो निवडायचा. लहानशा जोडणीने एक मोठे यंत्र भंगारातून वाचते. शाळांतल्या बीबीसी मायक्रोलाही त्याच्या पोटाखालच्या वापरकर्त्यासाठी ठेवलेल्या जोडणीतून कार्ड लावता येते.

आणि ही जोड देण्याची विद्या आपल्याकडे अगदी परकी आहे असेही नाही. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत आपल्याच लोकांनी घडवलेला 'टिफ्रॅक' हा संगणक १९६० साली पूर्णपणे कामाला लागला. १९६२ मध्ये पंडित नेहरूंनी त्याला ते नाव दिले. त्याची स्मृती २,०४८ शब्दांची. त्याला माहिती द्यायची ती भोके पाडलेल्या कागदी फितीने. आणि आकृत्या दाखवण्यासाठी त्याला एक पडदाही जोडलेला होता. त्या काळी असे साधन बाजारातून आणून नुसते खोचायची सोय नव्हती. मधला सांधा स्वतःच घडवावा लागे. आज नववीतली मुलगी जे शिकू पाहते, ते त्या वेळी मोठमोठे शास्त्रज्ञ हाताने करीत होते.

आता गुरुजनांसाठी सर्वांत कामाची गोष्ट. डाख देण्याच्या आधी, पाटी मागवण्याच्या आधी, एक काम करा: कॅसेटा वाचवा. यंत्र आणखी दहा वर्षे थांबेल, पट्टी थांबेलच असे नाही. तिच्यावरचा चुंबकीय थर दिवसेंदिवस सुटत असतो, आणि बुरशी लागली तर मग विचारूच नका. ह्या कामाला जुन्या संगणकाची गरजसुद्धा नाही. एक चांगला टेपरेकॉर्डर घ्या. त्याचे डोके स्पिरिट लावलेल्या कापसाच्या काडीने पुसा. त्याच्या कर्णयंत्राच्या पिनेतून तार काढून ती आजच्या संगणकाच्या आवाज घेण्याच्या पिनेत लावा, आणि कॅसेट पहिल्यांदा वाजवाल तीच ध्वनिमुद्रण चालू ठेवून वाजवा. कोण जाणे, तीच शेवटची ठरायची. ध्वनिमुद्रण न दाबलेल्या स्वरूपात, म्हणजे 'वेव्ह' फाइलमध्ये ठेवा. गाण्यासाठी जे आवाज दाबून लहान करतात, त्यात लहरींच्या कडा बोथट होतात. सेकंदाला ४४,१०० नमुने घेणारे साधे ध्वनिमुद्रण येथे पुरते. शून्याच्या अर्ध्या लहरीत सुमारे ११ नमुने येतात, आणि तेवढ्यावर शून्य कोणते नि एक कोणता हे ओळखता येते.

आणि ती फाइल मोबाइलमध्ये घालून, त्याच्या कर्णयंत्राच्या पिनेतून आवाज मोठा करून जुन्या स्पेक्ट्रमला ऐकवली, तर स्पेक्ट्रम ती कॅसेट समजून वाचतो! सर्वांत स्वस्त नवा सोबती हाच: एक तार आणि घरातला मोबाइल.

आता सावधगिरीचे चार शब्द. पहिला, विजेचा. स्पेक्ट्रमला ९ व्होल्टचा अडॅप्टर लागतो, पण त्याच्या पिनेत मधला भाग ऋण आणि बाहेरची कडा धन असते. आजचे बहुतेक अडॅप्टर नेमके उलटे. पिन बसते म्हणून लावला आणि यंत्र गेले, असे होऊ देऊ नका. आधी मल्टिमीटरने मोजा. दुसरा, मागच्या कडेला काहीही लावताना किंवा काढताना वीज पूर्ण बंद करा. तेथे कमी-जास्त व्होल्टच्या पट्ट्या शेजारी शेजारी आहेत. पाटी केसभर सरकली तरी चिपा जातात. तिसरा, वर्षानुवर्षे बंद असलेले यंत्र एकदम चालू करू नका. आतल्या कॅपॅसिटरचा रस वाळलेला असतो. जाणकाराकडून तपासून घ्या. चौथा, आपल्याकडे वीज केव्हा जाईल याचा नेम नाही. कार्डावर लिहिणे चालू असताना वीज गेली तर मजकूर बिघडतो. म्हणून दोन प्रती ठेवा, आणि त्या दोन घरी ठेवा.

आणखी एक पथ्य आहे, ते यंत्राच्या मानाचे. नवी जोड अशी द्या की उद्या ती काढून घेतली तर यंत्र होते तसे राहील. डब्याला भोके पाडू नका, जुने भाग फेकू नका. जे काढले ते पुडीत बांधून, चिठ्ठी लावून त्याच डब्यात ठेवा. कोणती तार कोठे लावली ते वहीत मराठीत लिहून ठेवा. पुढे कोणाला उलगडा करायचा झाला तर त्याने आपल्याला दुवा द्यावा, शिव्या देऊ नयेत!

आता रोकडा प्रश्न. एवढा खटाटोप करावा का? शाळेच्या रोजच्या कामाला संगणक हवा असेल तर सरळ नवा घ्यावा. जुन्याला कितीही जोड दिली तरी तो आजचे काम करणार नाही, आणि तशी आशा कोणाला दाखवू नये. पण दोन कामांसाठी हा खटाटोप सार्थ आहे. एक, त्यात साठवलेले कोणाचे तरी कष्ट वाचवण्यासाठी. दुसरे, शिकवण्यासाठी. आजचा मोबाइल उघडला तरी मुलांना आत काही कळत नाही. ह्या जुन्या यंत्रात मात्र पत्त्याच्या तारा बोटाने दाखवता येतात. पडद्यावरचे अक्षर म्हणजे आठ बाय आठ ठिपक्यांची चौकट, हे मुलांना स्वतः करून पाहता येते. हे यंत्र आपल्याला स्वतःची २१ अक्षरे घडवू देते. एका अक्षराच्या चौकटीतल्या ओळीत २५५ हा आकडा घाला, आठही ठिपके पेटतात. काय झाले ते ओळखा? देवनागरीची शिरोरेखा झाली! पुढची अक्षरे मुलांनी चौकटीच्या वहीवर काढावीत आणि आकड्यांत उतरवावीत. द्विमान पद्धतीचा ह्याहून सोपा धडा मला ठाऊक नाही.

तर मंडळी, पुन्हा अमडापूरच्या त्या ओट्यावर जाऊ. भंगारवाला रिकाम्या हाताने गेला. पहिल्या दिवशी आबांनी आणि नातीने यंत्राला हातसुद्धा लावला नाही. कॅसेटा तेवढ्या उतरवून घेतल्या. एक पट्टी तुटली, ती गेलीच. दोन वाचल्या. पंधरा दिवसांनी, पिन मोजून, वीज तपासून, मोबाइलची तार स्पेक्ट्रमला लावली. पडद्याच्या कडेला निळ्या-पिवळ्या पट्ट्या धावू लागल्या. मग अक्षरे आली: सात चोक किती?

आबा गप्प बसून राहिले. नातीने अठ्ठावीस दाबले.

यंत्राने पुढचा प्रश्न विचारला. चाळीस वर्षांपूर्वी पुण्याच्या एका वर्गातल्या मुलांसाठी लिहिलेला प्रश्न आता अमडापुरात नात सोडवीत होती. एसडी कार्डाची पाटी पुढच्या उन्हाळ्यात करू, असे दोघांनी ठरवले आहे. तोवर डाख द्यायला शिकायचे आहे.

आपल्याही घरी, आपल्याही शाळेच्या अडगळीच्या खोलीत असे काही असेल. वजनावर देण्यापूर्वी एकदा धूळ झटका, कॅसेटांवरच्या चिठ्ठ्या वाचा, आणि मगच ठरवा.